हुकुमावरून

३१५.४९.

एवढंच. ना चित्र, ना हसरा चेहरा, ना उद्गारचिन्ह. पांढऱ्या चौकोनात दशांशचिन्हासकट एक काळा आकडा. जयपूरच्या एका निनावी विनोदी पेजवर ऐन पावसाळ्यात एका रात्री तो आकडा चढला. सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले, तर मानसरोवर वसाहतीतल्या आमच्या गल्लीत जो तो त्यावरच बोलत होता. शेजारच्या भाभीजी रिकामी बादली घेऊन जिन्यात उभ्या. मला बघून म्हणाल्या, “मैं जाऊं छूं, एक बाल्टी म्हारी तरफ सूं घाल आऊं.” आम्ही दोघी कठडा धरून हसत सुटलो.

ताई तेव्हा पुण्याहून राहायला आलेली होती. तिला त्यातलं ओ की ठो कळेना. “अगं, यात हसण्यासारखं आहे काय?” असं तिने चहाच्या वेळी दोनदा विचारलं आणि मला तो विनोद समजावून सांगावा लागला. समजावलेला विनोद म्हणजे परत तापवलेला चहा, हे मला मान्य आहे. पण रसग्रहण नावाचा जो प्रकार आपण शाळेपासून करत आलो, तो तरी दुसरं काय करतो? तेव्हा तापवतेच.

जयपूर पाणी पितं ते बीसलपूरचं. हे धरण टोंक जिल्ह्यात, बनास नदीवर, शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब. त्याआधी जवळच्या रामगढ बांधाचं पाणी यायचं. १९८२च्या आशियाई खेळांत नौकानयनाच्या शर्यती झाल्या ते हेच रामगढ. पुढे तिथे शर्यतीपुरतं राहो, म्हशी डुंबायलाही पाणी उरलं नाही. त्यामुळे सगळ्या शहराचा जीव बीसलपूरला टांगलेला. धरण भरलं म्हणायची खूण म्हणजे ३१५.५० मीटर. याला इथे ‘गेज’ म्हणतात. आषाढ लागला की वर्तमानपत्रं रोजच्या रोज गेज छापतात, आज दोन सेंटीमीटर चढलं, काल पाच चढलं होतं. भरलं की दरवाजे उघडतात, मंत्री पूजा करतात, लोक गाड्या काढून पाणी बघायला जातात. वाळवंटाच्या उंबऱ्यावरच्या माणसाला वाहतं पाणी बघणं ही सहल वाटते, यात नवल नाही.

म्हणजे ३१५.४९ याचा अर्थ, एक सेंटीमीटर उरलंय.

“हात्तिच्या! खडकवासल्याचं टीएमसी!” ताई म्हणाली आणि आता ती हसली. चारही धरणं मिळून २९.१५ टीएमसी भरेपर्यंत पुणेकराला झोप लागत नाही, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

आता जरा त्या आकड्याकडे बघू. त्यात काय नाही ते आधी बघायचं. ‘बीसलपूर’ हा शब्द नाही. ‘पाणी’ नाही, ‘मीटर’ नाही, ‘अरेरे’ नाही की ‘बघा बघा’ नाही. यातला एक जरी शब्द असता तरी दिल्लीच्या माणसाला अर्थ लागला असता, आणि जयपूरवाल्याचं हसू तेवढंच उणावलं असतं. गाळलेला प्रत्येक शब्द म्हणजे दाराला घातलेली एकेक कडी. आत कोण राहिलं? ज्यांनी मेमध्ये टँकरसाठी रात्री दोनला उठून पाइप धरला ते. हसू येतं ते आपण आत आहोत याचं.

मग ते दशांशचिन्ह. पेजवाल्याने ३१५.५० टाकलं असतं तर ती बातमी झाली असती, आणि बातमी सगळ्यांनीच दिली असती. ३१२ टाकलं असतं तर रडगाणं. त्याने नेमकी ती घडी पकडली जेव्हा अख्खं शहर शिंक येता येता अडकल्यासारखं तोंड करून बसलं होतं. आणि ती घडी रात्रीची होती, हेही विसरायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दरवाजे उघडले असते तर हाच आकडा शिळा. स्थानिक विनोद हा इथल्या प्याज कचोरीसारखा आहे. कढईतून निघाल्यावर दहा मिनिटांत खाल्ली तर कचोरी, नाही तर मैद्याचा गोळा.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते आणखी एक न-असणं. खाली नाव नाही.

समजा, हाच आकडा एखाद्या गाजलेल्या हास्यकवीने आपल्या नावावर टाकला असता. आम्ही म्हटलं असतं, “वा, काय सुचलं!” दाद दिली असती, पुढे पाठवला असता, आणि संपलं असतं. भाभीजी बादली घेऊन जिन्यात आल्या नसत्या. कारण विनोदाला मालक असला की आपण प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षकाने रंगमंचावर बादली ओतायची नसते. निनावी विनोद सार्वजनिक नळासारखा असतो. ज्याची त्याने बादली लावावी. त्या आकड्यात अर्धा विनोद होता, उरलेला अर्धा गल्लीगल्लीत लोकांनी भरला. आमच्या गल्लीत बादली निघाली, पलीकडच्या गल्लीत म्हणे एका आजोबांनी नातवाला बांधाकाठी उभं राहून रडायला सांगितलं, तेवढंच पाणी वाढेल म्हणून.

हे सगळं मला इतकं ओळखीचं का वाटलं, ते सांगते. मी सदाशिव पेठेत वाढले. आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर पत्र्याची पाटी होती: ‘येथे सायकल लावू नये. लावल्यास हवा सोडण्यात येईल. हुकुमावरून.’ असल्या पाट्या पुण्यात पैशाला पासरी, त्यामुळे हिचं काही कौतुक नव्हतं. जयपूरला आल्यावर मात्र मी तिचा विचार करू लागले.

लावू कोणी नये? हवा कोण सोडणार? कर्ता बेपत्ता. आपल्या भाषेने ‘नये’ आणि ‘येईल’ असे दोन आडोसे बांधून ठेवले आहेत, त्यांच्यामागे कितीही मोठा माणूस आरामात उभा राहू शकतो. बरं, दोन वाक्यं झाल्यावर सहीची जागा येते. तिथे तरी नाव हवं की नको? तिथे ‘हुकुमावरून’. कोणाच्या? पेशव्यांच्या, कलेक्टरच्या, की साक्षात दगडूशेठच्या गणपतीच्या? हा हुकूम काढणारे गृहस्थ पहिल्या मजल्यावर राहत. कारकुनीतून निवृत्त झालेले, बारा महिने कानटोपी घालणारे. पाटी त्यांनी स्वतः ब्रशने रंगवली होती, ‘सायकल’मधला ‘ल’ जागा न उरल्याने अंग चोरून उभा होता. त्यांचा हुकूम घरात मांजरही मानत नसे. पण त्या एका शब्दाने पत्र्याच्या तुकड्याला शनिवारवाड्याचं वजन आलं होतं. हवा सोडण्याची धमकी मुळी विनोदी नाहीच. हवा सोडण्याला जो सरकारी शिक्का मारला आहे, तो विनोदी.

आणि पाटी कोणी लिहिली हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. तरी त्यांना जाऊन “अण्णा, पाटी फक्कड झाली हं” असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बिचाऱ्यांना पाटी काढून ठेवावी लागली असती. गावातल्या विनोदाचं निनावीपण असं असतं. पुष्कळांना ठाऊक असतं, पण बोलत कोणी नाही.

जयपूरला आले त्या पहिल्याच आठवड्यात पंखा दुरुस्त करायला आलेला म्हातारा मिस्त्री माझ्या प्रत्येक वाक्यावर म्हणत होता, “हुकुम.” मी दचकले. नंतर कळलं की इथे ‘हुकुम’ म्हणजे ‘साहेब’, ‘बाईसाहेब’, ‘बरं’ आणि ‘ऐकतोय’, सगळं एका शब्दात. पुण्यात हुकूम सुटतो, इथे समोरचा माणूसच हुकुम. मी आमच्या घरमालकांना पुण्याच्या पाटीची गोष्ट सांगितली तर ते गोंधळले. ‘हुकुमावरून’ म्हणजे त्यांच्या हिशेबाने ‘वाचणाऱ्या साहेबांकडून’. म्हणाले, “फिर तो लिखने वाला भी मैं, और पढ़ने वाला भी मैं?” त्यांना ती चूक वाटली. मला मात्र निनावी पेजची याहून नेमकी व्याख्या अजून कोणी सांगितलेली नाही.

जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, पुणेरी पाटी रुजणं शक्यच नव्हतं. १७२७ साली सवाई जयसिंगाने विद्याधर भट्टाचार्यांच्या हातून आखून घेतलेलं हे शहर, काटकोनातले रस्ते, आखलेल्या चौकड्या. १८७६मध्ये इंग्लंडचा युवराज येणार म्हणून गेरू फासला, तोच ‘गुलाबी’ म्हणून जगभर गेला. (गुलाबी तो नाहीच, पण हे इथे मोठ्याने बोलायचं नसतं.) बाजारातल्या दुकानांच्या पाट्यासुद्धा एका छापाच्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं. जिथे अक्षराचा आकारही गणवेशात आहे, तिथे भिंतीवर खोचक काही लिहिण्याची सोय कुठली? मग इथला खोचकपणा गेला वर, गच्चीवर.

१४ जानेवारीला जयपूरच्या गच्चीवर एकदा तरी उभं राहावं. घराघरावर माणसं, ध्वनिक्षेपक, तिळाचे लाडू, फीणी, आणि आकाशात इतके पतंग की कावळ्याला वाट विचारावी लागेल. आपला पतंग मस्त तरंगत असतो, आणि एकाएकी हातातली दोरी मेल्यासारखी सैल पडते. त्याच क्षणी कुठून तरी आरोळी येते, “वो काटा!” कोणी काटला? दोर तिरका जातो तीन गल्ल्या पलीकडे, त्या पाण्याच्या टाक्यांमागे कुठेतरी. माणूस दिसत नाही, फक्त आरोळी आणि थाळी बडवल्याचा आवाज. इतकी वर्षं बघतेय, काटणाऱ्याचं नाव विचारायला कोणी गेलेलं मला आठवत नाही. लोक नवा पतंग लावतात.

पतंगबाजीत पेच जिंकायच्या दोन रीती. एक ढील, म्हणजे दोर सोडत राहायचा, समोरच्याला वाटतं आपण वरचढ, आणि घासत घासत तोच कापला जातो. दुसरी खेंच, म्हणजे झटका देऊन ओढायचं. मी वाचते ती दोन-तीन जयपुरी पेजं या कसोटीवर लावून बघितली आहेत. ३१५.४९ ही ढील आहे, अगदी उस्तादाची. उलट नेत्याचं नाव घेऊन, त्याच्या चेहऱ्याला गाढवाचे कान लावून, वर तीन शिव्या घातल्या की ती खेंच. खेंचनेही पतंग कापतो, नाही असं नाही. पण हात कापतो तो आपलाच.

आणि मांजा तर मांजाच. चिनी मांजावर बंदी आहे, तरी दर संक्रांतीला स्कूटरवाल्यांचे गळे चिरल्याच्या बातम्या येतात. पक्ष्यांसाठी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात पतंग उडवू नयेत असा प्रशासनाचा आदेश निघतो. एकदा एका पेजवर एका साध्या बाईचा व्हिडिओ आला, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडतानाचा. तिला न विचारता काढलेला. खाली ढुंढाडीत, म्हणजे इथल्या बोलीत, फर्मास ओळ. पहिल्यांदा मी हसले, हे कबूल करते. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा तिच्या साडीचा फाटका काठ दिसला. तिला चेहरा होता, पेजवाल्याला नव्हता. आमच्या वाड्यातले अण्णा ‘हुकुमावरून’च्या मागे लपले ते सायकलवाल्यांशी लढायला, आणि ते सायकलवाले अण्णांपेक्षा दांडगे होते. धरण, खातं, महापालिका, तुंबलेला अंडरपास यांच्यावर खुशाल निनावी हसावं. भाजी घेणाऱ्या बाईवर हसायचं असेल तर आधी आपलं नाव लिहावं. ते पेज मी सोडलं.

मराठी वाचकाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट इथे आहे. जयपूरच्या ब्रह्मपुरीत होळीच्या दिवसांत ‘तमाशा’ होतो. शब्दही हाच. राजस्थानातल्या पुस्तकांत असं लिहिलेलं आढळतं की ही कला महाराष्ट्रातून आली आणि सवाई प्रतापसिंगाने बंशीधर भट्टांना आश्रय दिला. दुसरे काही तिचा माग आग्र्याकडे नेतात. त्या वादात मी पडत नाही. लावणी नाही, ढोलकी नाही. हार्मोनियम, तबला, सारंगी आणि शास्त्रीय राग. पडदा नाही, उघड्या चौकात, ज्याला अखाडा म्हणतात तिथे, भट्ट घराण्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘रांझा-हीर’ आणि ‘जोगी-जोगण’ गात आली आहेत. आता रांझा विरहात आळवतोय, आळवता आळवता एकदम महागाईवर आणि शहरातल्या खड्ड्यांवर घसरतो, टोला हाणतो, आणि परत विरहात शिरतो. आपला सोंगाड्या बतावणीत हेच करतो. ज्याला टोला बसला तो प्रेक्षकांतच असतो. पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? रांझा तर पंजाबचा, आणि तोही किश्श्यातला.

मुखवटा घालून पान चालवण्याची मराठीतली सर्वात दमदार कामगिरी मात्र एका मासिकात झाली, तिचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘ललित’ मासिक जानेवारी १९६४मध्ये सुरू झालं, मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांचं. त्यात ‘घटका गेली पळे गेली’ हे सदर ठणठणपाळ नावाचा कोणी लिहू लागला. पुढे जगजाहीर झालं की हे जयवंत दळवी. ‘चक्र’सारखी झोपडपट्टीवरची कादंबरी १९६३मध्ये लिहिणारे दळवी. वसंत सरवट्यांनी ठणठणपाळला रेषांमधून देह दिला. सुमारे वीस वर्षं हा गृहस्थ मराठी साहित्यिकांच्या टोप्या उडवत राहिला. ‘स्थानिक’ म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मराठी साहित्य हे एक छोटं गावच. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोण अध्यक्षपदासाठी कोणाच्या घरी चहाला गेला, हे सगळ्यांना ठाऊक, आणि ते मोठ्याने म्हणायला एक बाहेरचा आवाज हवा.

नाव बघा कसं निवडलंय. ठणठणपाळ म्हणजे ज्याच्या हाती काही नाही, खिसा रिकामा, डोकंही रिकामं असा. शिवाय त्यात तासाच्या टोल्याचा ठण्‌ ठण्‌ आवाज. सदराच्या नावाशी त्याची सांगड आपल्या जुन्या म्हणीने घातलीच आहे. रिकामा आणि नादणारा, दोन्ही एका शब्दात. ज्याच्याकडे काही नाही त्याचा गट नसतो, त्याला पुरस्कार नको असतो, त्याच्याकडून हिरावून घ्यायचं तरी काय? दळवींना गाव होतं, नोकरी होती, मित्र होते, मित्रांचे रुसवेफुगवे होते. ठणठणपाळला यातलं काही नव्हतं. ‘लोकसत्ता’तल्या ‘दोन फुल एक हाफ’च्या तंबी दुराईचंही तेच. ते श्रीकांत बोजेवार आहेत हे कळल्यावरही मी तंबी म्हणूनच वाचलं. मला थक्क करते ती वीस वर्षं. एक मासिक पान, ठरलेल्या तारखेला, तेवढ्याच छोट्या गावाबद्दल, कडू न होता. विनोदी माणूस महिनाभर विनोदी असतो, नंतर तो चिडका होतो, असं माझं निरीक्षण आहे. फोनवरच्या पेजांचं तर सहा महिन्यांतच होतं. दिवसाला पाच विनोदांचा रतीब घालायचा म्हटलं की म्हैस पाणी घालूनच दूध देणार.

आमचं ३१५.४९वालं पेज आठवड्यातून एखाद-दोन वेळाच बोलतं. आणि ते गप्पही राहू शकतं, हे मला २०२१मध्ये कळलं. २६ सप्टेंबरला रीटची, म्हणजे शिक्षक पात्रतेची परीक्षा होती. लाखो मुलं, जादा बसगाड्या, केंद्रावर पोरांच्या शर्टांच्या बाह्या कात्रीने कापणं. पेपर फुटू नये म्हणून जयपूरसह कितीतरी जिल्ह्यांत मोबाइलवरचं इंटरनेट बंद. इथे याला ‘नेटबंदी’ म्हणतात आणि ती दिवाळी-होळीसारखी येत असते. त्याच दिवशी बिकानेरात चपलेच्या तळव्यात ब्लूटूथ बसवलेले परीक्षार्थी पकडले गेले. विनोदाला याहून सकस खाद्य काय हवं? पण पेज मुकं. आमच्याकडे थडी मार्केट म्हणून बाजार आहे. थडी म्हणजे चहाची टपरी. मराठी कानाला मात्र नदीकाठ आठवतो, आणि तेही चुकीचं नाही, कारण सगळं गाव तिथेच येऊन थडकतं. त्या दिवशी थडीथडीवर लोक तोंडी विनोद करत होते. नेट नसल्याने कोणाचा कोणता हे कधीच लिहिलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आशेने पेज उघडलं. एकच ओळ होती: ‘हां, तो कल क्या कह रहे थे?’

ढील. चप्पल नाही, बाही नाही, सरकार नाही. थडीवर आपण जे बोललो ते सगळं त्या ‘कल’मध्ये येऊन बसलं. एवढं करून पेपर फुटला होताच. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. त्या दिवशी पेजवाल्याने तीच ओळ पुन्हा टाकली, एक अक्षर न बदलता. अशा वेळी मला वाटतं की हा माणूस बोलण्यापेक्षा ऐकतो जास्त.

तो नाव का लपवतो, याचं एक साधं उत्तरही आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये आपल्या पालघरच्या दोन तरुण मुलींना मुंबई बंदविषयीच्या फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसती पसंती दर्शवली होती. दोघींनीही स्वतःच्या नावाने. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा इतका बोलबाला झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, पण धडा ज्याने त्याने घेऊन ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात पेजवर आमच्या इमारतीचा टँकर आला. नाव नव्हतं, चित्रही नव्हतं, पण टँकर मागे घेताना गेटाच्या कोणत्या खांबाला खरचटतो आणि त्या वेळी चौकीदार कोणतं भजन लावतो, हा तपशील होता. तो आमच्या जिन्यातूनच दिसतो. मग मी जरा लक्ष ठेवलं. जिन्यात जेव्हा पेजवरच्या विनोदाचा विषय निघतो तेव्हा एक माणूस कधीच हसत नाही. आमच्याशी नमस्कारापुरतं बोलतो, पाण्याच्या मोटरची वेळ पाळतो, आणि ढुंढाडीतला ‘छै’ इतका गोड उच्चारतो की ऐकत राहावं. परवा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी सहज म्हटलं, “वो पेज कौन चलाता होगा?” त्याने वरच्या मजल्यांचे आकडे बदलताना बघितले.

“क्या पता, हुकुम.”

ताईचा दर पावसाळ्यात फोन येतो, “आकडा किती झाला गं?” तुम्हीही कधी जयपूरला या. कचोरी कढईतून निघताना खा, संक्रांतीला गच्चीवर चढा, होळीला ब्रह्मपुरीत रांझा ऐका, बीसलपूर भरलं असेल तर बघून या. पेज कोण चालवतं ते मात्र विचारू नये.